गाठीभोवतीची माती

डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. काढून आणलेल्या मांसाचा केसाहूनही पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि रोग ओळखायचा, हे त्यांचे रोजचे काम. प्रोस्टेटच्या कर्करोगाची प्रतवारी कशी लावावी याची पद्धत त्यांनी १९६६ साली मांडली. ती समजावी म्हणून त्यांनी काढलेले चित्र आजही पाठ्यपुस्तकांत सापडते. चित्रात काळ्या शाईने रेखलेल्या ग्रंथी आहेत. सर्वांत वर त्या गोल, सुट्या, शहाण्यासारख्या बसलेल्या. खाली उतरावे तशा त्या वेड्यावाकड्या होत जातात, एकमेकींत घुसतात आणि तळाशी ग्रंथी उरतच नाही, नुसत्या विखुरलेल्या पेशी. बायोप्सीच्या अहवालात ‘ग्लीसन स्कोअर’ म्हणून जो आकडा येतो आणि ज्याच्याकडे बघून घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, त्याचे मूळ हे चित्र.

त्या चित्रात दोन ग्रंथींच्या मधे काय आहे? काहीच नाही. कोरा कागद.

खऱ्या काचपट्टीवर मात्र ती जागा कोरी नसते. नेहमीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेला काप पाहिला, तर ग्रंथींच्या जांभळ्या कडांच्या मधे गुलाबी रंगाचे लांबलचक पट्टे दिसतात. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्यात वीर्यातला द्रव पाझरणाऱ्या नळ्या असतात, आणि त्या नळ्यांना धरून ठेवणारे स्नायूंचे, तंतूंचे, रक्तवाहिन्यांचे जाळे असते. डॉक्टर त्या जाळ्याला स्ट्रोमा म्हणतात. आपण आधारऊती म्हणू. कर्करोग जवळजवळ नेहमी नळ्यांच्या अस्तरात सुरू होतो, म्हणून शंभर वर्षे सगळ्यांचे डोळे अस्तरावर खिळून राहिले. गुलाबी पट्टे म्हणजे भिंतीतला चुना. त्याला कोण विचारतो?

विचारणारा एक जण फार आधी होऊन गेला होता. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून सगळीकडे वाहत जात असतील, तर यकृतात त्या इतक्या वेळा का रुजतात आणि प्लीहेत इतक्या क्वचित का? रक्त तर दोन्हीकडे पोचते. पॅजेट यांचे उत्तर शेतकऱ्याला चटकन पटेल असे होते. बी चारी दिशांना उडते, पण जमीन मानवेल तिथेच रुजते. बियाणे तपासणारे वनस्पतिशास्त्रज्ञासारखे मोठे काम करत आहेत, आपण फक्त नांगर धरणारा माणूस, पण नांगर धरणाऱ्याने जमिनीविषयी केलेली नोंदही कधी उपयोगी पडेल, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले. मला त्या लेखातली हीच जागा सर्वांत जवळची वाटते. नांगर धरणाऱ्याची ती नोंद पुढची कित्येक दशके कोणी उघडली नाही.

ती बाजूला पडली त्याला कारणे होती. न्यूयॉर्कचे जेम्स ईविंग यांनी १९२८ साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात ठामपणे मांडले की, कर्करोग कुठे पसरतो हे रक्तवाहिन्यांची जोडणी ठरवते. जमिनीचा वगैरे विचार करण्याची गरज नाही. प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात आणि कमरेच्या हाडांत वारंवार जातो, हे तोपर्यंत ठाऊक झाले होते. १९४० साली फिलाडेल्फियाचे ऑस्कर बॅटसन यांनी मृतदेहांच्या शिरांत रंगीत द्रव सोडून दाखवले की ओटीपोटातल्या शिरांचा कण्याभोवतालच्या शिरांशी थेट संबंध आहे. झाले, कोडे सुटले असे सगळ्यांना वाटले. नळ जिथे जातो तिथे पाणी जाते. पण नळाने आलेली पेशी तिथे वर्षानुवर्षे जगते कशी, वाढते कशी, हा प्रश्न बॅटसनच्या शिरांनी सुटत नव्हता.

त्याच सुमारास शिकागोत एक मोठी घटना घडत होती. चार्ल्स हगिन्स मूळचे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे. ते शिकागो विद्यापीठात कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर काम करत. पुरुष संप्रेरक थांबले की ही ग्रंथी आक्रसते, हे अठराव्या शतकात जॉन हंटर यांनी जनावरांत पाहिलेच होते. हगिन्स यांनी पुढचे पाऊल टाकले. कर्करोग हाडांत पसरलेल्या पुरुषांचे वृषण काढले किंवा त्यांना स्त्री संप्रेरक दिले तर काय होईल? १९४१ साली क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासोबत त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. हाडांच्या वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आराम पडला, रक्तातली रोगाची खूण खाली आली. औषधाने कर्करोग हटतो, निदान काही काळ, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसले होते. १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले.

पण बहुतेक रुग्णांत रोग परत आला. आणि संप्रेरक नेमके कोणावर काम करते, हे त्या वेळी कोणाला नीट ठाऊक नव्हते. अस्तराच्या पेशींवर, असे सगळे धरून चालले होते. ती समजूत अर्धीच खरी होती, हे कळायला एका जन्मतःच बिघाड असलेल्या उंदराची वाट पाहावी लागली.

मेरी लायन आणि सुसान हॉक्स यांनी १९७० साली अशा उंदरांचे वर्णन केले की जे गुणसूत्रांनी नर, पण ज्यांचे शरीर पुरुष संप्रेरकाला दादच देत नाही. टीएफएम हे त्यांचे नाव. त्यांच्यात प्रोस्टेट तयारच होत नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेलेले जेराल्ड कुन्हा यांना या उंदरात एक अचूक हत्यार सापडले. त्यांची प्रयोगाची पद्धत सांगण्यासारखी आहे, कारण पुढची तीस वर्षे याच पद्धतीने हा विषय ओढून नेला. गर्भातल्या उंदराच्या त्या भागातून, जिथे पुढे प्रोस्टेट होणार असते, मोहरीएवढा तुकडा काढायचा. एन्झाइमने तो सैल करून अस्तर आणि भोवतालची आधारऊती सुईच्या टोकाने वेगळी करायची. मग एका जनावराचे अस्तर दुसऱ्याच्या आधारऊतीवर ठेवून रात्रभर चिकटू द्यायचे. सकाळी हा जोडतुकडा एका मोठ्या नर उंदराच्या मूत्रपिंडावरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली सरकवायचा. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो, तुकडा जगतो. काही आठवड्यांनी पापुद्रा उघडून बघायचे की काय उगवले.

१९७८च्या सुमारास जे उगवले त्याने प्रोस्टेटचे शास्त्र उलटेपालटे केले. संप्रेरकाला बहिरे असलेले अस्तर निरोगी आधारऊतीवर ठेवले तर प्रोस्टेटच्या ग्रंथी तयार झाल्या. निरोगी अस्तर बहिऱ्या आधारऊतीवर ठेवले तर झाल्या नाहीत. अस्तर मादीच्या योनीमार्गासारखे वळण घेऊ लागले. म्हणजे गर्भात संप्रेरकाची हाक ऐकते ती आधारऊती, आणि तीच अस्तराला सांगते की तू प्रोस्टेट हो. पुढे कुन्हा यांनी प्रौढ जनावराच्या मूत्राशयाचे अस्तर त्याच गर्भाच्या आधारऊतीवर ठेवून बघितले. मूत्राशयाचे, पूर्ण वाढ झालेले अस्तर. त्यातूनही प्रोस्टेट उगवले. ज्याला आपण भिंतीतला चुना समजत होतो, तोच गवंडी निघाला.

याच वर्षी, १९७८ मध्ये, जॉन मॅकनील यांनी उतारवयात वाढणाऱ्या साध्या, कर्करोग नसलेल्या प्रोस्टेटबद्दल एक कल्पना मांडली. म्हातारपणी आधारऊतीत गर्भातली ती घडवण्याची शक्ती पुन्हा जागी होत असावी, आणि म्हणून नव्या गाठी उठत असाव्यात. आज घराघरांत ज्यांना ही ग्रंथी रात्री चारदा उठवते, त्या वडीलधाऱ्यांच्या दुखण्याची ती गोष्ट होती. पण तिच्यातून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. आधारऊती चांगली ग्रंथी घडवू शकते, तर वाईटही घडवू शकेल का?

इथे कथेला दुसरा धागा येऊन मिळतो, आणि तो मॉस्कोतून येतो. १९६०च्या दशकात अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन तिथल्या गामालेया संस्थेत हाडांच्या मज्जेवर काम करत होते. मज्जा म्हणजे रक्ताचा कारखाना, हे सर्वांना माहीत होते. १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलोक यांनी रक्त बनवणाऱ्या मूलपेशी दाखवल्याही होत्या. फ्रीडेनस्टाइन यांचे लक्ष कारखान्याकडे नव्हते, कारखान्याच्या इमारतीकडे होते. मज्जेतल्या पेशी त्यांनी काचेच्या बाटलीत ठेवल्या. बहुतेक पेशी द्रवात तरंगत राहिल्या. अगदी थोड्या तळाला चिकटल्या, लांबोळ्या झाल्या आणि एकेकीची वसाहत वाढू लागली. १९७० साली त्यांनी या वसाहतींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. अशा पेशी पुन्हा जनावराच्या शरीरात रोपल्या की त्यांतून हाड तयार व्हायचे, आणि त्या हाडात पाहुण्या रक्तपेशी येऊन राहायला लागायच्या. या चिवट पेशी घर बांधून देत होत्या.

पुढे १९९१ साली क्लीव्हलँडच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी त्यांना मेसेन्कायमल मूलपेशी असे नाव दिले. हाड, कूर्चा, चरबी यांतले काहीही होण्याची त्यांची क्षमता. २००६ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांची ओळख ठरवून दिली: बाटलीच्या तळाला चिकटतात, पृष्ठभागावर ठरावीक तीन खुणा असतात, आणि हाड, कूर्चा, चरबी हे तिन्ही प्रकार त्या करून दाखवतात. शरीरात कुठे जखम झाली, सूज आली की या पेशी तिथे दुरुस्तीला मदत करतात. गावात कुणाच्या घराची भिंत पडली की हातातले काम टाकून माणसे धावतात, तशी.

आणि गाठ म्हणजे जखमच, असे बोस्टनचे हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली लिहिले. कधीही न भरणारी जखम. गाठीच्या भोवती रक्तवाहिन्या झिरपतात, रक्तातले गोठणारे तंतू बाहेर येतात, नव्या वाहिन्या फुटतात, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन साचते. गुडघा खरचटल्यावर जे घडते ते सगळे. फरक इतकाच की खरचटलेला गुडघा आठवड्यात खपली धरतो, आणि गाठ मदतीची हाक मारतच राहते. ड्वोरॅक यांच्या या एका कल्पनेने दोन्ही धागे जवळ आले, पण गाठ बसायला आणखी काही वर्षे गेली.

१९९१ साली लेलंड चुंग यांच्या गटाने एक गोष्ट दाखवली. माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ज्या पेशी एकट्या असताना उंदरात नीट वाढत नाहीत, त्यांच्यासोबत हाडातल्या तंतुपेशी, म्हणजे आधारऊतीचे तंतू विणणाऱ्या पेशी, टोचल्या की गाठ भराभर वाढते. पॅजेट यांची जमीन आता बाटलीत हाती लागली होती. तरी एक शंका उरत होतीच. इथे बी आधीच विषारी होते. मातीने फक्त खत घातले. माती एकटी बी बिघडवू शकते का?

१९९९ साली कुन्हा यांच्याच विद्यापीठातून त्याचे उत्तर आले. अरिया ओलुमी, सायमन हेवर्ड, थिया ट्ल्स्टी आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कर्करोगी प्रोस्टेटमधून गाठीलगतच्या तंतुपेशी वेगळ्या केल्या. दुसऱ्या बाजूला निरोगी प्रोस्टेटच्या तंतुपेशी. अस्तराच्या पेशीही दोन प्रकारच्या घेतल्या: एक अगदी साध्या, दुसऱ्या बीपीएच-१ नावाच्या, ज्या विषाणूच्या जनुकामुळे न थांबता वाढतात पण स्वतः गाठ करत नाहीत. उंबरठ्यावर उभ्या, पण आत न गेलेल्या. मग कुन्हा यांची जुनी रीत: जोड्या लावा आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाच्या पापुद्र्याखाली ठेवा. निरोगी तंतुपेशींसोबत कोणतीच गाठ झाली नाही. साध्या अस्तराला गाठीलगतच्या तंतुपेशी मिळाल्या तरी गाठ झाली नाही. पण उंबरठ्यावरच्या पेशींना त्यांची संगत मिळाली तेव्हा मोठ्या, कर्करोगासारख्या गाठी वाढल्या. दोन वर्षांनी हेवर्ड यांनी त्या गाठींतून अस्तराच्या पेशी पुन्हा वेगळ्या काढल्या. आता त्यांना वाईट शेजाऱ्याची गरज उरली नव्हती. त्या एकट्याही गाठ करत होत्या. संगतीने जे बदलले ते संगत सुटल्यावर परत फिरले नाही.

या प्रयोगावर मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सबंध विषयाचा कणा इथे आहे. त्याने दोन्ही टोकाच्या समजुती मोडल्या. बी निर्दोष होते तिथे, निदान या प्रयोगात, माती काही करू शकली नाही. आणि बी बिघडण्याच्या वाटेवर असेल तर माती चांगली असताना ते गप्प राहू शकते. वृद्धांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या बारीक जागा किती तरी वेळा सापडतात, ज्या त्यांना आयुष्यभर कधीच त्रास देत नाहीत. त्या का गप्प राहतात, याचा एक धागा या पापुद्र्याखालच्या तुकड्यांत आहे.

पुढची पाच वर्षे पुरावे एकावर एक चढत गेले. ह्यूस्टनमध्ये डेव्हिड राउली यांच्या गटाने २००२ साली दाखवले की कर्करोगाभोवतीच्या आधारऊतीत स्नायुपेशी कमी होतात आणि जखमेत दिसतात तशा, आक्रसणाऱ्या, कोलॅजेन ओकणाऱ्या पेशी त्यांची जागा घेतात. कोलॅजेन निळे करणाऱ्या रंगाने काप रंगवला की निरोगी भाग आणि गाठीचा भाग यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. गाठीभोवती निळाई दाटून येते. पुढच्याच वर्षी गुस्तावो आयला यांनी शेकडो रुग्णांचे काप पाहून सांगितले की ही बदललेली आधारऊती ज्यांच्यात खूप जास्त असते, त्यांचा रोग शस्त्रक्रियेनंतर परतण्याचा धोका अधिक. कोऱ्या कागदावर पहिल्यांदाच कोणी तरी अक्षर उमटवले होते. २००४ साली नील भौमिक आणि हॅरल्ड मोझेस यांनी उंदरांच्या फक्त तंतुपेशींतून एका संदेशाचा ग्राहक काढून टाकला. अस्तराच्या जनुकांना हातही लावला नाही. तरी त्या उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या आधीची अवस्था आली आणि जठराच्या पुढच्या भागात तर कर्करोगच झाला.

मग या बिघडलेल्या तंतुपेशी येतात कुठून? काही स्थानिकच असतात, यात शंका नाही. पण २००४ साली ब्रिटनमधल्या एका गटाने नर उंदरांची मज्जा माद्यांना दिली आणि मग माद्यांच्या गाठींत वाय गुणसूत्र शोधले. स्वादुपिंडाच्या त्या गाठींतल्या, जखमेत दिसतात तशा तंतुपेशींपैकी सुमारे चतुर्थांश मज्जेतून आलेल्या निघाल्या. भिंत पडली म्हणून धावून आलेले गावकरी परत गेलेच नव्हते. ते तिथेच मुक्कामाला राहिले होते. २००७ साली बोस्टनजवळ अँटुआन कर्नुब आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी स्तनाच्या कर्करोगात दाखवले की मेसेन्कायमल मूलपेशींच्या संगतीत गाठीच्या पेशी दूर पसरण्याची ताकद मिळवतात.

प्रोस्टेटपुरती ही साखळी सर्वांत स्पष्ट जोडली ती मिशिगनमध्ये, रसेल टाइचमन यांच्या गटाने. टाइचमन दंतवैद्यक विभागातले, हिरड्या आणि हाड हा त्यांचा मूळ विषय, आणि हाडाच्या वाटेनेच ते इथवर पोचले. २०११ साली त्यांच्या गटाने उंदरांत दाखवले होते की प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी हाडात जातात तेव्हा त्या रक्ताच्या मूलपेशींच्या राखीव कोनाड्यात घुसून त्यांना बाहेर ढकलतात. २०१३ साली त्यांनी उलट दिशेची वाहतूक मांडली. गाठ सीएक्ससीएल-१६ नावाचा एक रासायनिक निरोप सोडते. मेसेन्कायमल मूलपेशीवर तो झेलणारा ग्राहक असतो. निरोप मिळाला की ती गाठीत येते आणि येताच तिचे रूप पालटते, ती गाठीच्या बाजूची तंतुपेशी होते. मग ती स्वतः सीएक्ससीएल-१२ हा दुसरा निरोप सोडू लागते, आणि तो ऐकून कर्करोगाची पेशी आपल्या शेजारणींचा हात सोडून मोकळी फिरू लागते. बोलावले दुरुस्तीला, आणि येणाऱ्याने दार उघडून दिले. सीएक्ससीएल-१२ हाडाच्या मज्जेतही भरपूर असतो. बाहेर पडलेल्या पेशीला कुठे जावेसे वाटते, याचे उत्तर बॅटसनच्या शिरांपेक्षा इथे अधिक मिळते.

माणसांत हे कितपत आहे? त्याच वर्षी, २०१३ साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये नॅथनिएल ब्रेनन आणि जॉन आयझॅक्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रोस्टेटमध्ये मेसेन्कायमल मूलपेशी मोजल्या, बाटलीत वाढवून नव्हे तर ताज्या ऊतीतच. त्या निघाल्या एकूण पेशींच्या ०.०१ ते १.१ टक्के. आकडा लहान दिसतो. पण विरजणाला किती दही लागते? या पेशी प्रतिकारशक्तीला शांत करतात हेही इतर प्रयोगांतून पुढे आले होते. पहारेकऱ्यांना झोपवायला फार माणसे लागत नाहीत.

इथे एक सावधगिरी नोंदवायला हवी. माती वाईट, म्हणून ती जाळून टाकावी, हा निष्कर्ष चुकीचा ठरला आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात २०१४ साली दोन गटांनी उंदरांतली आधारऊती कमी करून पाहिली, तर गाठी उलट जास्त आक्रमक झाल्या. आधारऊती गाठीला खत घालते तसे कुंपणही घालते. दुसरी सावधगिरी नावाबाबत. कॅप्लन यांनी २०१७ साली आपणच दिलेले नाव बदला असे सांगितले. या पेशी नवे अवयव घडवण्यापेक्षा संदेश सोडण्याचे काम अधिक करतात, म्हणून त्यांना मूलपेशी म्हणून लोकांची दिशाभूल करू नका, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे हे फार मनावर घेण्यासारखे आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे मज्जारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. तरीही गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ टोचून देण्याच्या जाहिराती दिसतात. ज्या पेशी उंदरांत गाठीच्या बाजूने उभ्या राहतात, त्या कुणाच्या तरी साठीतल्या वडिलांना, ज्यांच्या प्रोस्टेटमध्ये एखादी गप्प जागा असू शकते, पैसे घेऊन चाचणीविना टोचणे मला अक्षम्य वाटते.

या पेशींना गाठ बोलावते, हे कळल्यावर साहजिकच उलटा विचार सुचला. त्यांच्याच हाती औषध पाठवले तर? ह्यूस्टनमध्ये २००२ सालीच उंदरांत अशा पेशींच्या पाठीवर इंटरफेरॉन या गाठीला आवर घालणाऱ्या प्रथिनाचे जनुक लादून पाहिले होते. हॉपकिन्सच्या गटाने २०१६ साली त्यांच्या पोटात असे औषध भरले जे प्रोस्टेटच्याच एका एन्झाइमने उघडेल, म्हणजे लाकडी घोड्यात सैनिक लपवावे तसे. उंदरात टोचलेल्या पेशी त्याच्या अंगात वाढवलेल्या माणसाच्या प्रोस्टेट गाठींपर्यंत पोचतात, हे त्यांनीच दाखवले होते. पण माणसात पोचतात का, हे कोणी पाहिले नव्हते.

ते पाहण्यासाठी प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरलेले सात पुरुष तयार झाले. निरोगी दात्यांच्या मज्जेतून काढलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी शस्त्रक्रियेच्या चार ते सहा दिवस आधी त्यांच्या शिरेतून सोडल्या. पहिल्या तिघांना वजनाच्या दर किलोला दहा लाख, पुढच्या चौघांना वीस लाख. नंतर काढलेल्या प्रोस्टेटमध्ये दात्याचे डीएनए शोधले, दहा हजार पेशींत एक असली तरी सापडेल इतक्या बारकाईने. एकाही माणसात ते सापडले नाही. सातपैकी चौघांच्या नमुन्यांत सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक भाग गाठीचा होता; उरलेल्या तिघांच्या नमुन्यांत हाती लागली ती साधी ऊतीच. शिरेतून सोडलेल्या अशा पेशींपैकी बऱ्याचशा फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात, हे जनावरांत आधीच दिसले होते. चाचणी मधेच थांबवली गेली आणि २०१९ साली निकाल जसा आहे तसा छापला गेला. कोणालाही इजा झाली नाही. या सात जणांना स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हते. त्यांच्या शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे, विलंब न होता पार पडल्या.